उलट्या नावाची कळशी

कळशीला दोनच बाजू होत्या. एका बाजूला मुठीएवढा पोचा आणि दुसऱ्या बाजूला अनुसया बाबूराव निकम. त्यातही ही अनुसयाबाई खाली डोकं वर पाय.

"पोचा म्होरं कर," आण्णा म्हणाले. "पोचा समद्यांच्याच भांड्याला असतोय. त्यात लाज कसली?"

"पोचा चित्रात काढायला अवघड असतो, आण्णा. सातवीतल्या पोरांना नाही जमायचा."

"मग नाव म्होरं कर."

"उलटं नाव बघून पोरं हसतील."

"मग हांडा घे."

"हंड्यावर दोन नवरे आहेत."

आई चुलीपुढून म्हणाली, "तुमचं काय ते ठरवा आन् निघा. येष्टी काय तुमच्या कळशीसाठी थांबायची न्हाई."

सकाळचे सहा वाजले होते. विट्याच्या आमच्या दोन खोल्यांत जमिनीवर सगळी भांडी मांडली होती आणि त्यांच्या मधोमध मी ठेवणीतली पांढरी साडी सावरत बसले होते. त्या दिवशी माझा वार्षिक पाठ होता. सांगलीला मी आर्ट टीचर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. एका शाळेत, खऱ्या मुलांपुढं, बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या समोर पस्तीस मिनिटं चित्रकला शिकवून दाखवायची. तो पाठ पडला की वर्ष पडलं, आणि आमच्या घरात दुसरं वर्ष करायची सोय नव्हती. माझ्या पाठोपाठ दोन भाऊ शिकायचे होते आणि माझ्यासाठी आत्याने एक स्थळही काढून ठेवलं होतं. "पास झाली तर मास्तरीण, न्हाई तर मांडवात," असं आत्या हसत हसत सांगायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

माझ्या वाट्याला विषय आला होता वस्तुचित्र, इयत्ता सातवी. टेबलावर एखादं मोठं भांडं, एखादं लहान, मागे एक फडकं अशी मांडणी करायची आणि ती बघून काढायला शिकवायचं. भांडेवाल्या पोपटशेठनी दुकानातली कोरी करकरीत कळशी द्यायचं कबूल केलं होतं. पण आदल्या संध्याकाळी त्यांचे चुलते वारले आणि दुकानाचं शटर तीन दिवसांसाठी खाली आलं. आता घरातलंच काहीतरी न्यायचं होतं. आणि आमच्या घरातली भांडी म्हणजे काय चीज होती, ते सांगितलंच पाहिजे.

माझे वडील तातोबा शेळके भांड्यांवर नावं घालायचे. पोपटशेठच्या भांड्यांच्या दुकानाची पायरी ही त्यांची जागा. पुढ्यात लाकडी ठोकळा, हातात छिन्नी आणि एवढीशी हातोडी. लग्नसराईत माणसं आहेराची भांडी घेत आणि पायरीवर बसून नाव घालून घेत. टिक टिक टिक टिक, टिंबाला टिंब लागून अक्षर उमटायचं. आण्णांचं अक्षर इतकं देखणं की खानापूर तालुक्यात कुणाच्याही घरी पाणी प्यायला गेलं तर मी तांब्या फिरवून बघायची आणि म्हणायची, हे आमच्या आण्णांचं.

या धंद्यात खोडरबर नसतो. चुकलं ते चुकलं. आणि पोपटशेठचा नियम असा, की चुकलेलं भांडं ज्यानं चुकवलं त्यानं घरी न्यायचं. त्यामुळे आमच्या मांडणीवर आण्णांच्या आजवरच्या सगळ्या चुका ओळीनं लावलेल्या असत. गंमत म्हणजे चुका सगळ्या एकाच जातीच्या होत्या. या घरची चिठ्ठी त्या घरच्या भांड्यावर. लेंगऱ्याच्या नवरीच्या ताटावर भाळवणीचा नवरा, कुणाच्या बारशाच्या वाटीवर कुणाच्या साठीच्या शुभेच्छा. मी ज्या ताटात जेवून मोठी झाले त्यावर 'मामा-मामीकडून सप्रेम भेट' असं होतं, आणि मला मामा नव्हता. उलट्या नावाची कळशी मात्र सगळ्यांत जुनी, माझ्या जन्माच्या आधीची. "लगीनसराईत घाई असती, भांडं उलटं धरलं गेलं," असं आई सांगायची. आण्णा तेवढ्यात पान लावायला घेत.

आण्णांचा स्वतःचाही एक नियम होता. चिठ्ठीशिवाय नाव नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, "कागदावर लिवून आण," म्हणायचे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नातल्या समईवर नाव घालायचं तर मला म्हणाले, "चिठ्ठी आण." मी म्हटलं, "अहो, आपल्या सुमनचं नाव तुम्हाला माहीत नाही?" तर म्हणाले, "धंदा म्हंजे धंदा. उद्या तुझी काकी म्हणंल, चुकीचं घातलं." त्यांच्या तोंडात कायम पान असायचं. शाळेतून मी पायरीवर आले की चिठ्ठी माझ्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, "वाच बघू मोठ्यानं, शाळेत काय शिकिवत्यात बघू." मी वाचायची. बरोबर वाचलं की मान डोलवायचे. त्या परीक्षेपायीच मी वाचनात वर्गात पहिली असायची.

आणि चित्रं? ती त्या पायरीवरच सुरू झाली. झालेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मी समोरचा रस्ता काढायची. सायकली, कोंबड्या, पोपटशेठचं पोट. आण्णांनी मला चित्रकला अशी शिकवली नाही, पण एकदा मी खोडताना बघून एवढं म्हणाले होते, "कुंदे, रेघ आधी डोळ्यानं मारायची. मग हातानं. मग खोडाय लागत न्हाई." एलिमेंटरीला मला अ श्रेणी मिळाली, इंटरमिजिएटला मिळाली, आणि त्या दोन्ही परीक्षांना माझं खोडरबर कोरं राहिलं होतं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मी ठसठशीत नाव घालायची, कुंदा शेळके. आण्णा चित्र नंतर बघायचे. आधी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवायचे.

तर शेवटी उलट्या नावाची कळशीच घ्यायची ठरली. सोबत एक फुलपात्र आणि आईचं लाल फडकं. आण्णांनी कळशी धोतराच्या पानात गुंडाळली आणि सांगलीपर्यंत मांडीवर घेऊन बसले. तासगावला एका बाईनं विचारलं, "बाळ आजारी हाय व्हय?" आण्णा म्हणाले, "न्हाई, परीक्षेला चाललंय."

शाळेच्या फाटकाशी शिपायानं वही पुढं केली. "नाव, गाव, काम लिहा आणि सही करा."

"चष्मा घरात ऱ्हायला," आण्णा म्हणाले. मी दोघांच्याही नावांच्या ओळी भरल्या आणि घाईघाईनं आत गेले.

वर्गाच्या दारात मात्र मी थांबले. आण्णांची टोपी तेलकट झाली होती, ओठाच्या कोपऱ्यात पान होतं आणि हातात धोतरात बांधलेलं गाठोडं होतं. मला त्यांची लाज वाटली. आज हे लिहितानाही तो क्षण मला आवडत नाही, पण वाटली ती वाटली.

"आण्णा, तुम्ही बाहेरच बसा हं. आत परीक्षक असतात."

"मी कशाला येतोय आत? मला काय सातवीत बसायचंय व्हय?" ते म्हणाले आणि दाराजवळच्या बाकावर ऐसपैस बसले.

परीक्षक होते कोल्हापूरचे परांडेकर सर. उंच, सडपातळ, पेनाचं टोपण दातात धरायची सवय. ते मागच्या भिंतीशी खुर्ची घेऊन बसले, मांडीवर गुणपत्रिका ठेवली आणि घड्याळ बघून मला मानेनंच खूण केली. मी कळशी टेबलावर ठेवली. पोचा भिंतीकडे, नाव मुलांकडे. वर्गात खसखस पिकली. ती मी धरूनच चालले होते.

"हसून घ्या," मी म्हटलं, "आणि मग ही कळशी काढा."

सुरुवात झकास झाली. मी फळ्याकडे वळले आणि कळशीच्या तोंडाचा लंबगोल एका हातात काढला. मग गळा, मग पोट. खडू कुठं थांबला नाही की पुन्हा फिरला नाही. मागून कुणीतरी "आई शप्पत!" म्हणालं. पहिली पंधरा मिनिटं मी अशी काही शिकवत होते की मलाच माझा वर्ग सोडून जावंसं वाटत नव्हतं. मग मुलं कामाला लागली आणि मी बाकांमधून फिरायला लागले.

पहिल्या बाकावर अपर्णा नावाची, दोन वेण्यांची हुशार मुलगी होती. तिची कळशी छान जमली होती. कळशीवर सरळ, सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, अनुसया बाबूराव निकम.

"बाई, त्या कळशीवर नाव चुकीचं होतं, मी बरोबर केलं," ती म्हणाली.

दुसऱ्या बाकावर तेच. तिसऱ्यावर तेच. एकानं तर नावाआधी 'सौ.' लावून अनुसयाबाईंचा मान राखला होता. बेचाळीस मुलांचा वर्ग, आणि जो तो कळशी दुरुस्त करत सुटलेला. मी "समोर बघा, समोर आहे तसं काढा" असं म्हणत होते, आणि मुलं "हो बाई" म्हणत सरळ नाव लिहीत होती. असं का होतंय हे मला कळत नव्हतं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी एकटीच बसली होती. पुढची अपर्णा तिथूनच ओरडली, "बाई, तिला नका विचारू. ती नीलव्वा. विजापूरकडची आहे, दोन महिने झाले येऊन. तिला मराठी वाचता येत नाही."

नीलव्वानं कागदावर हात आडवा धरला. मी तो हळूच बाजूला केला. तिची कळशी जरा कलती झाली होती, पण तिच्या पोटावर अनुसया बाबूराव निकम होती. खाली डोकं, वर पाय. प्रत्येक अक्षर जसं आण्णांनी घातलं होतं तसंच, टिंबाटिंबानं. मी तो कागद उचलून घेतला.

तेवढ्यात परांडेकर सर उठले. टेबलापाशी जाऊन त्यांनी कळशी हातात घेतली, फिरवून पाहिली.

"मिस शेळके, हे काय आहे?"

"सर, कळशी."

"ते दिसतंय. मॉडेल सदोष आहे. सगळा वर्ग नावात अडकून पडला. वस्तूची निवड हा पाठाचा पाया असतो, एवढं दोन वर्षांत शिकवलं असेल ना तुम्हाला? असलं उलटं नाव कुणी घातलंय?"

उघड्या दारातून आण्णांची टोपी दिसत होती. मी ती बघितली. आणि मी म्हटलं, "माहीत नाही सर. एका दुकानातून आणलीय."

सरांनी दातातलं टोपण काढलं, पेनाला लावलं, पुन्हा काढलं आणि गुणपत्रिकेवर वाकले. काहीतरी लिहायला लागले. आत्याचा मांडव मला तिथं सातवीच्या वर्गातच दिसायला लागला.

"त्ये नाव म्या घातलंय, गुरुजी."

आण्णा दारात उभे होते. टोपी हातात घेतली होती आणि तोंडातलं पान बाहेर टाकून आले होते. मी त्यांना पानाशिवाय बोलताना फार क्वचित ऐकलं होतं.

"तुम्ही कोण?"

"मी हिचा बा. तातोबा शेळके. विट्यात भांड्यावर नावं घालतोय. पोरीला काय बोलू नगा, तिला ह्यातलं काय ठावं न्हाई."

सर जरा नरमले. "असं. म्हणजे घाईत भांडं उलटं धरलंत, होय ना?"

घरची गोष्ट हीच होती. आण्णांनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, आण्णा, हो म्हणा.

"भांडं न्हाई, गुरुजी. चिठ्ठी." आण्णा थांबले. मुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला वाचता येत न्हाई. तवा मी नवाच हुतो, शेरडांमागनं उठून दुकानात आल्यालो. चिठ्ठी हातात घेतली तर रेघ वर आन् अक्षरं खाली लोंबत्याली. म्हटलं, रेघ म्हंजे जमीन. जमीन खाली पायजे आन् अक्षरं तिच्यावर हुभी पायजेत. चिठ्ठी उलटी धरलीया आपण. म्हणून फिरवून सरळ केली, आन् घातलं नाव. मराठी अक्षरं लोंबत्यात, हे मला कुणी सांगितलंच न्हवतं."

एक मुलगा फिस्सकन हसला आणि शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

मी नीलव्वाचा कागद हातात धरून तशीच उभी होते. शाळेत जायला लागल्यापासून मी त्या पायरीवर चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या होत्या आणि मला वाटायचं आण्णा माझी परीक्षा घेताहेत. या घरची चिठ्ठी त्या घरच्या भांड्यावर. सुमनच्या समईला चिठ्ठी. घरी राहिलेला चष्मा. आण्णांना चष्मा नव्हताच, हे मला फाटकाशी सही करतानाही ठाऊक होतं. आणि ज्या माणसानं वीस वर्षं हे आमच्यापासून, गिऱ्हाइकांपासून, सगळ्या तालुक्यापासून झाकून ठेवलं, त्यानं ते बेचाळीस पोरांसमोर उघडं केलं, कारण मी त्याला ओळख दाखवली नव्हती. मला रडू आलं. पण पाठ चालू होता. मी सरांना विचारलं, "सर, किती मिनिटं राहिली?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बारा."

"मग मी पाठ पुढं चालवू?"

"पाठ तुमचा आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. गुणपत्रिका मात्र मिटली नाही.

मी नीलव्वाचं चित्र सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं.

"या वर्गात कळशी एकीनंच काढलीय," मी म्हटलं. "बाकीच्यांनी वाचलीय. तुम्हाला अक्षर दिसलं की तुमचे डोळे वाचायला धावतात आणि बघायचं राहून जातं. नीलव्वाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं नुसतं बघितलं. चित्रात वाचायचं नसतं. बघायचं असतं. आता तुम्हाला दाखवते." मग मी तिच्या बाकाशी गेले. "नीलव्वा, तुझं नाव लिहून दे. तुझ्या भाषेत."

तिनं माझ्याकडे, मग अपर्णाकडे बघितलं, आणि वहीच्या चिटोऱ्यावर कानडीत नाव लिहिलं. गोल गोल, जिलब्यांसारखी अक्षरं. मी तो चिटोरा घेऊन दारापाशी गेले आणि आण्णांपुढं धरला.

"आण्णा, चिठ्ठी."

आण्णांनी चिठ्ठी घेतली. एकदा अशी फिरवली, एकदा तशी.

"हिला रेघच न्हाई," ते म्हणाले. "वरची बाजू कंची?"

सगळा वर्ग हसला. आण्णाही हसले. नीलव्वा उठून आली आणि तिनं बोटानं वरची बाजू दाखवली. आण्णा आत आले, टोपी टेबलावर कळशीच्या शेजारी ठेवली आणि फळ्यापुढं उभे राहिले. मी त्यांच्या हातात खडू दिला. त्यांनी तो छिन्नीसारखा उभा धरला. चिठ्ठीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला ठाऊक होतं ते काय चाललंय. डोळ्यानं रेघ मारणं चाललं होतं.

मग टिक टिक टिक टिक. खडू फळ्यावर वाजायला लागला. टिंबाला टिंब लागत गेलं. हातभर मोठी अक्षरं, एकही टिंब वाकडं नाही, कुठंही थांबणं नाही. परांडेकर सर कधी उठून उभे राहिले ते मी बघितलं नाही. शेवटचं टिंब देऊन आण्णा बाजूला झाले आणि नीलव्वाकडे बघून म्हणाले, "बग गं बाय. आलंय का?"

नीलव्वा फळ्याजवळ गेली. दोन महिन्यांत त्या फळ्यावर तिला वाचता येईल असं काही उमटलं नव्हतं. तिनं अक्षरांवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "नीलव्वा." मग वळून वर्गाकडे बघत पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं, "नीलव्वा!"

"आता हे काढा," मी वर्गाला म्हटलं. "वाचता येणार नाही. बघा आणि काढा."

एक्केचाळीस डोकी खाली गेली, वर आली, खाली गेली, वर आली. घंटा होईपर्यंत ती वर-खाली होत राहिली. मी बाकांमधून फिरले, कुणाचंच चुकलं नव्हतं. अपर्णानं तर मान तिरकी करून, जीभ बाहेर काढून, एकेक वळण मोजून घेतलं होतं. आणि नीलव्वा, जिला ते वाचता येत होतं, ती काही न काढता हाताची घडी घालून सगळ्यांचे कागद तपासत हिंडत होती.

घंटा झाल्यावर परांडेकर सर टेबलापाशी आले. त्यांनी मघाशी गुणपत्रिकेवर लिहिलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि खाली नवीन काहीतरी लिहिलं. मला ते वाचता आलं नाही, आणि मी प्रयत्नही केला नाही. मग त्यांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढून आण्णांपुढं धरला.

"शेळके, यावर माझं नाव घालाल?"

"घालतो की. चिठ्ठी द्या," आण्णा म्हणाले. त्यांची छिन्नी कनवटीला होतीच.

परतीच्या एसटीत कळशी पुन्हा आण्णांच्या मांडीवर होती. तासगाव मागे पडल्यावर मी म्हटलं, "आण्णा, मी मगाशी म्हटलं ना, की दुकानातून आणलीय..."

"पोचा समद्यांच्याच भांड्याला असतोय," आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मी पदरात तोंड लपवून रडले. त्यांनी रडू दिलं. विटा जवळ आल्यावर मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मी तुम्हाला वाचायला शिकवू?"

"नगं," आण्णा म्हणाले. "मगाशी तूच पोरांस्नी सांगितलंस नव्हं, वाचाय येतंय त्याचं बघायचं ऱ्हातंय म्हणून? ह्या वयात हात बिघडला तर पोपटशेठ काय म्हणंल?"

मी पास झाले. आत्याचं स्थळ दुसरीकडे गेलं आणि ते चांगलं निघालं, असं ती मला अजून ऐकवते. पुढच्याच वर्षी पलूसजवळच्या एका शाळेत मी कलाशिक्षिका म्हणून रुजू झाले. निघायच्या दिवशी आई डोळ्यांना पदर लावून डबा बांधत होती. आण्णा दुकानातून जरा उशिरानंच आले. काखेत धोतराच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "वर्गात मांडाय," म्हणून ते त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं आणि पान लावायला बसले.

मी गाठ सोडली. नवी कोरी पितळी कळशी होती. कुठं पोचा नाही. पोटावर आण्णांच्या टिंबांनी नाव घातलेलं होतं, कुंदा शेळके. आणि ते उलटं होतं.

"आण्णा!" मी कपाळावर हात मारला. "पुन्हा चिठ्ठी उलटी धरलीत?"

आण्णांनी पानाला चुना लावला, सुपारी टाकली, पान दुमडून गालात ठेवलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"चिठ्ठी हुतीच कुठं?"